तंजावूरची कामगार क्रमांक नऊ

"तंजावूरला तुम्हाला दुभाष्या लागणार नाही," आमच्या मॅडम म्हणाल्या, "तिथली मराठी घरं अजून मराठीच बोलतात." पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ या एका वाक्यात आहे, हे मला पुणं सोडताना कळलं असतं तर मी ताप आल्याचं सांगून घरी बसलो असतो.

मी एका संशोधन प्रकल्पावर कंत्राटी सर्वेक्षक आहे. म्हणजे लोकांच्या कामाचे तास मोजतो. माझे कोणी मोजत नाही. विषय असा होता की, घरकाम करणाऱ्या बायकांना फोन, कॅमेरे आणि ॲप यांनी काय दिलं, काय काढून घेतलं, आणि त्यांचे हक्क कुठवर पोचले. पुण्यातली घरं झाली होती. आता महाराष्ट्राबाहेरची मराठी घरं हवी होती.

माझ्या पिशवीत पंचा, पाण्याची बाटली, बायकोने दिलेला दशम्यांचा डबा आणि फोनमध्ये 'श्रमघंटा' होती. हे आमच्या प्रकल्पाचं लाडकं ॲप. कामवाल्या बाईच्या फोनवर ते घालायचं. दर दोन तासांनी घंटा वाजते, एक गोड आवाज विचारतो, "आता आपण कोणतं काम करीत आहात?" आणि बाईने झाडू, पातेलं, बादली किंवा खाट यांपैकी एका चित्रावर बोट ठेवायचं. खाट म्हणजे विश्रांती. तास फार झाले की मालकाच्या फोनवर आपोआप समज जाते. हे सगळं करणाऱ्या तरुणाने आयुष्यात कधी पातेलं घासलेलं नव्हतं, पण चित्र छान काढलं होतं.

चेन्नईहून सकाळची गाडी धरली. कुंभकोणम गेल्यावर दोन्ही बाजूंना हिरवीगार भातखाचरं लागली. शेजारी पांढऱ्या वेष्टीतले (वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर) एक शेतकरी आजोबा बसले होते.

"टेम्पल?" त्यांनी विचारलं.

"नो. सर्वे," मी म्हणालो.

त्यांचा चेहराच उतरला. पापनाशम स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबली तेव्हा ते बोचकं उचलून उतरले. बहुधा त्यांना वाटलं, मी जमीन मोजायला आलोय.

तंजावूरला राजवाड्याजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. खाली खानावळ. पोंगल (मुगाची डाळ घातलेली तांदळाची मऊ खिचडी) इतक्या तुपात आली की बोटं पुसायला पानच पुरेना. वाढपी सांबार ओतत राहिला. "पुरे" म्हटलं, "बस" म्हटलं, "इनफ" म्हटलं. शेवटी पानावर हात आडवा धरला तेव्हा थांबला, आणि तेही हातावर पळीभर पडल्यानंतर.

राजवाड्यामागच्या गल्ल्यांत दोन दिवसांत नऊ घरं झाली. दारापुढे रांगोळ्या, आत स्वच्छ गार ओसऱ्या, आणि कानावर पडणारी मराठी अशी की आपल्या खापरपणजोबांनी तमिळ सुरात बोलावं. देवनागरी मात्र फार थोड्यांना वाचता येते. म्हणून प्रश्नावली मीच मोठ्याने वाचत होतो.

नववं घर माधव रावांचं. वय पासष्टच्या आसपास, एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, आणि घरातही खिशाला पेन. आरामखुर्चीत त्यांचे नव्वदीचे वडील अप्पा डोळे मिटून बसले होते.

"यावें, बसावें. कॉफी होणा?" राव म्हणाले. (होणा म्हणजे 'हवं'.) आतून एका हाताने पितळी डवरा (कॉफी गार करायची खोलगट वाटी) आणि पेला पुढे केला. फक्त हात दिसला. मी प्रश्नावली उघडली.

"तुमच्या घरी बाई आहे?"

"आहे कीं."

"किती वर्षांपासून?"

"एकतीस."

मी चाट पडलो. पुण्यात बाई एकतीस दिवस टिकली तर शेजारी पेढे मागतात.

"सकाळी किती वाजता येते?"

"येते कोठून? हिकडेंच राहते."

"साप्ताहिक सुट्टी?"

"सुट्टी काय म्हणून?" रावांना प्रश्नच समजला नाही.

"पगार?"

राव हसले. "घरांत अस्की तिच्याच हातांत." (अस्की म्हणजे सगळं.)

"जेवते कुठे?"

"आंत. आमचें अस्क्यांचें झाल्यावर."

हे मी लाल शाईने अधोरेखित केलं. आधीच्या आठही घरांत हेच उत्तर मिळालं होतं. कुणाची बाई चाळीस वर्षांची जुनी, कुणाची पंचवीस. एकही सोडून गेलेली नाही, एकीलाही सुट्टी नाही, पगार नाही, आणि मालक मंडळी हे सगळं कॉफी पीत हसतमुखाने सांगताहेत. माझं रक्त उसळत होतं.

"मला तिच्याशी बोलता येईल?"

"आतां नाहीं. अप्पांचें जेवण अकरा वाजतां." राव आत गेले आणि तिचा फोन घेऊन आले. मी त्यात श्रमघंटा घातली, मालक म्हणून रावांचा नंबर दिला आणि नोंद केली: कामगार क्रमांक नऊ.

लॉजवर येताच मॅडमना फोन लावला. "मॅडम, इथे वेठबिगारी आहे! सरळसरळ!"

"फारच छान," मॅडम म्हणाल्या. मग त्यांना स्वतःचंच चमत्कारिक वाटलं असावं. "म्हणजे वाईट आहे. पण लेख उत्तम होईल."

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत उभा होतो. बरोबर दहा वाजता नऊ घरांतून एकदम घंटा झाली. रस्त्यावरच्या एका फुलवालीने डोळे मिटून हात जोडले. मला कृतकृत्य वाटलं.

त्यानंतरच्या सकाळी रावांचा फोन आला. 

"सार, तुमच्या मशीनीनें मजवर नोटीस काढली." (सार म्हणजे 'सर'.)

मी धावतपळत गेलो. राव ओसरीत उभे होते. फोन दोन बोटांत लांब धरलेला, विंचू धरावा तसा. श्रमघंटेचा गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, "आपल्या कामगाराने काल सोळा तास काम केलं आहे. आपण साप्ताहिक सुट्टी दिलेली नाही. सुट्टी न दिल्यास नोंद वरिष्ठांकडे जाईल."

"छत्तीस वर्षें कचेरींत होतों," राव म्हणाले. "एक मेमो नाहीं सार. एक नाहीं."

मला थोडा आनंदच झाला. "राव, कायदा कायदा असतो. त्या बाईला बाहेर बोलवा. मी स्वतः तिला तिचे हक्क सांगतो."

आतून पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आल्या. सुती साडी, कमरेला फोन खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, हाताला डाळीचं पीठ.

"मीच ती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही इथे कामाला..."

"ही माझी बायको!" राव ओरडले. "सुलोचना बाई!"

मी प्रश्नावली मिटली. मग सगळा उलगडा झाला. तंजावुरात प्रत्येक घरच्या लक्ष्मीच्या नावापुढे 'बाई' लागतं. कमला बाई, रुक्मिणी बाई. बाई म्हणजे घरची मानाची बाई. धुण्याभांड्याला येते तिला तिथे 'वेलैकारम्मा' म्हणतात. अशी एक सेल्वी नावाची वेलैकारम्मा त्याच वेळी मागच्या दारात बादली धरून उभी होती. एकवीस वर्षं या घरात काढल्यामुळे तिला मराठी सगळी कळत होती, आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या प्रश्नावलीत ती कुठेच नव्हती. नऊ घरांत मी नऊ गृहिणींची नोंद वेठबिगार म्हणून केली होती आणि खऱ्या कामकरणींना विचारलंही नव्हतं. संशोधन म्हणतात ते हे.

मी घाईघाईने बाईंकडे त्यांचा फोन मागितला. "चूक माझी आहे. आत्ता 'नोंद रद्द' दाबतो, नोटीस नाहीशी होईल."

सुलोचना बाईंनी फोन दिला नाही.

"तुम्हीं पुसलें, बाई आहे का. आहे. पुसलें, सुट्टी आहे का. नाहीं. सोळा तास केले का? केले." त्यांनी एकेक बोट मिटलं. "मग खोटें काय?"

 मग त्या खांबाला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी सांगितलं ते असं. पापनाशमला त्यांची थोरली बहीण राहते, अक्का. अक्काचं घर रिकामं होतंय. रविवारी तिचा मुलगा तिला कायमची बंगळुरूला नेणार. पापनाशम तंजावुराहून बसने तासाभराच्या आत. एकतीस वर्षांत त्या तिथे कितीदा गेल्या, आणि दर वेळी अप्पांचं अकराचं जेवण आटोपून निघाल्या नि चारच्या फराळाला परत आल्या.

"अक्काकडे एकदां निजायचें आहे," त्या म्हणाल्या. "सकाळीं उठून तिनें कॉफी द्यायची, मी बसून प्यायची. तें घर जायच्या आधीं एकदां."

"मग सांगायचें होतें," राव म्हणाले.

"सांगितलें. दर वर्षीं सांगितलें. तुम्हीं म्हणालां, अप्पांचें कोण बघणार."

राव माझ्याकडे वळले. "सार, खरें सांगा. ही नोटीस सरकारी का?"

सुलोचना बाई माझ्याकडे बघत होत्या. सेल्वी बघत होती. आरामखुर्चीतल्या अप्पांनीही एक डोळा उघडला. मी खरं बोललो असतो तर नोंद रद्द, नोटीस रद्द आणि पापनाशमही रद्द. खोटं बोललो असतो तर माझी नोकरी रद्द. आयुष्यात मी इतका गुळमुळीत कधी बोललो नसेन. "प्रणालीचा नियम आहे, राव," मी म्हणालो.

नियम हा शब्द कानी पडताच रावांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. "तर मग नियमानें होणा. अर्ज द्या."

सेल्वीने बादली खाली ठेवली. "बाईक्कु लीवु. एनक्कु?" (बाईला रजा. मग मला?) प्रश्न अगदी रास्त होता. बाई गेल्या की त्यांचंही काम तिच्याच गळ्यात पडणार होतं.

"दोघींस," सुलोचना बाई म्हणाल्या. "नाहीं तर मीही जात नाहीं."

अर्ज त्यांनी तिथेच लिहिला. भाषा मराठी, लिपी तमिळ. मला अक्षर कळेना, म्हणून रावांनी मोठ्याने वाचला: "शुक्रवारीं मी नाहीं. सेल्वी नाहीं. अक्काकडे निजतें. शनिवारचा विचार शनिवारीं." रावांनी तो दोनदा वाचला, खाली 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि सवयीने तारखेखाली रेघ ओढली.

शुक्रवारी सकाळी सुलोचना बाई एक छोटी पिशवी घेऊन निघाल्या. दारात थांबल्या, आत बघितलं, परत वळतात की काय असं वाटलं. मग "जाऊन येतें" म्हणाल्या आणि झपझप गेल्या.

"तुमची मशीन," राव मला म्हणाले, "म्हणून तुम्हींच या." मी गेलो. स्वयंपाकघरात आम्ही दोघे उभे राहिलो. सगळे डबे एकसारखे चकचकीत, आणि कशावरही काही लिहिलेलं नाही. तेवढ्यात रावांच्या फोनवर घंटा झाली. "आपली कामगार रजेवर आहे. बदली कामगाराची नोंद करा." राव कायद्याचे माणूस. त्यांनी स्वतःचं नाव सांगून पातेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

तांदूळ सापडला. प्रश्न पाण्याचा आला.

"एकाला दोन," मी पुणेरी आत्मविश्वासाने म्हणालो. हे मी बायकोच्या तोंडून ऐकलं होतं, पण कशाला दोन ते नीट ऐकलं नव्हतं.

कुकर उघडला तेव्हा आत भात नव्हता, खिमट होतं. बाहेरून अप्पांचा आवाज आला. "तांदूळ जुना का नवा?"

"नवा," राव म्हणाले.

"नव्यास पाणी कमी होणा."

"अप्पा, हें अगोदर सांगायचें!"

"मजला कोणीं पुसलें?"

अकरा वाजून गेले होते. रावांनी ते खिमट पानावर वाढलं, वर दही घातलं, आणि गुन्हेगारासारखे बाजूला उभे राहिले. डांगर पच्चडी (उडदाच्या भाजक्या पिठाचं दह्यातलं कालवण) करायला घेतली होती, पण तिच्यात मिठाऐवजी रांगोळी पडली असावी असा संशय आल्याने आम्ही ती बागेत नेऊन टाकली. अप्पांनी एक घास घेतला. चावायला काहीच नव्हतं. दुसरा घेतला.

"बेस आहे," अप्पा म्हणाले.

मला हसू फुटलं. रावांना नाही. ते हातातला डाव तसाच धरून उभे राहिले.

"एकतीस वर्षें तिनें रांधलें," ते हळू म्हणाले. "या घरांत हा शब्द मीं आज ऐकला." मग डाव खाली ठेवून म्हणाले, "मीं तरी कोठें म्हटला."

आम्ही दोघांनी ओट्याशी उभं राहून उरलेलं खिमट खाल्लं. मग राव भांडी घासायला बसले आणि मी ती विसळली. बारा वाजता घंटा झाली तेव्हा रावांचे हात साबणात होते, म्हणून बादलीचं चित्र मी दाबलं.

शनिवारी माझी परतीची गाडी. निरोप घ्यायला गेलो तर राव फोनवर आलेला संदेश तमिळ अक्षरांतून लावून वाचत होते. "'रजा वाढली. अक्काला गाडींत बसवून रविवारीं येतें.' मंजुरी मागितली नाहीं सार. नुसतें कळविलें." पण ते रागावलेले दिसले नाहीत. चुलीवर भात होता, पाणी कमी घातलेला.

पापनाशमला गाडी थांबली. मी सहज खिडकीतून पाहिलं तर फलाटावर सुलोचना बाई! शेजारी त्यांच्यासारखंच ठसठशीत कुंकू लावलेली, पांढऱ्या केसांची अक्का. रावांनी गाडी आणि डबा नंबर कळवला होता. सुलोचना बाईंनी खिडकीतून केळीच्या पानाची पुडी आत दिली.

"अप्पा जेवले?" पहिला प्रश्न तो.

"जेवले. भाताचं खिमट झालं होतं. पण बेस आहे म्हणाले."

त्यांचा हात खिडकीच्या गजावर तसाच राहिला. "मला कधीं म्हणाले नाहींत," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही. अक्काने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीने शिट्टी दिली. सुलोचना बाईंनी पदराने डोळे पुसले आणि गाडीबरोबर दोन पावलं चालत म्हणाल्या, "तर मग पुढचा शुक्रवारही त्यांसच करूं दे!"

पुडीत लिंबाचं चित्रान्न होतं. भात मोकळा, शीत न् शीत सुटं. मी तो विल्लुपुरम येईपर्यंत पुरवून खाल्ला.

पुण्यात मॅडमनी नऊही घरांची माहिती रद्द केली. "संदर्भाबाहेरची नोंद," त्या म्हणाल्या. "ह्या कामगार नाहीत."

"मग कोण आहेत?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"तुमचं डोकं तापलंय. दोन दिवस घरी बसा." मला परत तंजावूरला जाऊन वेलैकारम्मांना विचारायचं होतं, सेल्वीपासून सुरुवात करून. तेही काम दुसऱ्याला दिलं. यावेळी दुभाष्यासह.

एक गोष्ट मात्र मॅडमच्या यादीतून निसटली. निरीक्षक म्हणून माझा फोन अजून श्रमघंटेला जोडलेला आहे. आठ क्रमांक केव्हाच गप्प झाले. पण दर शुक्रवारी सकाळी गोड आवाज सांगतो, "कामगार क्रमांक नऊ आज रजेवर आहे." अक्का बंगळुरूला गेली, तरी शुक्रवार चुकलेला नाही. सुलोचना बाई त्या दिवशी कुठे जातात, हे विचारायचं चित्र श्रमघंटेत नाही, ते बरंच आहे.

एका शुक्रवारी हा आवाज माझ्या बायकोने ऐकला. "ही क्रमांक नऊ कोण?" तिने विचारलं. मी तिला बैजवार सगळं सांगितलं, कुकर, अप्पा, पापनाशमचा फलाट. मला वाटलं, ती पोट धरून हसेल. ती ऐकत राहिली. आमच्या लग्नालाही चोवीस वर्षं झाली आहेत, आणि तिच्या डब्यातल्या दशम्या मी तंजावुरात तीन दिवस पुरवून खाल्ल्या होत्या. कशा झाल्या ते मी तिला सांगितलं नव्हतं.

"यात दहावा क्रमांक कसा घालतात?" तिने विचारलं.

मी घालून दिला. तिने रविवार निवडला. आता दर रविवारी सकाळी दार ओढून ती जाते, आणि मी ओट्याशी उभा राहून तंजावूरला फोन लावतो.

"राव, एका वाटीला पाणी किती?"

"सार," पलीकडून हेडक्लार्कचा आवाज येतो, "तांदूळ जुना का नवा? तें अगोदर सांगा."